शिपायाचा स्वार होताना

पायदळाच्या शिपायाला घोड्यावर बसवायचे असेल, तर पहिला प्रश्न घोड्याचा नसून कमरेचा असतो. घोडा मिळतोच. वॉरहॅमरसारखे कल्पित जगातले युद्धखेळ खेळणाऱ्या कोणाच्याही घरी जुन्या किटांतले उरलेले प्लास्टिकचे घोडे, कोणी शेपटी तुटलेला तर कोणी एकाच कानाचा, एखाद्या डब्यात पडलेले असतात. बसलेली कंबर मात्र कुठेच सुटी मिळत नाही. उभ्या माणसाच्या मूर्तीत शिल्पकाराने शरीराचा सगळा भार दोन तळव्यांवर सोडलेला असतो. तोच भार स्वाराच्या बाबतीत बैठकीची हाडे, मांड्यांची आतली बाजू आणि थोडासा रिकिबीतला चवडा यांच्यात वाटला गेलेला असतो, आणि ही वाटणी बदलली की पाठीचा कणा, खांद्यांची उतरंड, मानेचा कल, इतकेच काय अंगरख्याच्या चुण्याही बदलतात. हे न बदलता नुसते पाय फाकवून चिकटवलेला शिपाई लांबून स्वार वाटतो. जवळून पाहिल्यावर तो घोड्यावर अडकून पडलेला पादचारी निघतो.

ज्यांचा या छंदाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. इंग्लंडमध्ये १९७५ साली सुरू झालेल्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने १९८३ मध्ये वॉरहॅमर हा खेळ काढला. त्यात माणसे, एल्फ, बुटके, ऑर्क अशा कल्पित वंशांची सैन्ये टेबलावर मांडून, फूटपट्टीने अंतरे मोजत आणि फासे टाकत लढाई खेळतात. या सैन्यातला प्रत्येक शिपाई म्हणजे साधारण २८ मिलिमीटर उंचीची मूर्ती असते. ती पूर्वी शिसेमिश्रित धातूची असे, पुढे शिसे नसलेल्या पांढऱ्या धातूची झाली आणि आता बहुतांशी पॉलिस्टायरीन प्लास्टिकची असते. विकत घेतो ती चौकटीला जोडलेले हात, पाय, धड आणि डोकी अशा सुट्या भागांत मिळते. कापणे, जोडणे आणि रंगवणे हे ज्याचे त्याने करायचे. माझे सैन्य ‘एम्पायर’चे आहे. या कल्पित साम्राज्याचा पोशाख सोळाव्या शतकातल्या जर्मन भाडोत्री पायदळावरून घेतलेला आहे: चिरे पाडून आतले अस्तर बाहेर काढलेल्या फुगीर बाह्या, पिसांच्या टोप्या आणि उगाचच मोठ्या तलवारी. त्याच शतकाच्या मध्यावर जर्मन प्रदेशात चाकाच्या चापाची पिस्तुले घेऊन लढणारे ‘राइटर’ नावाचे घोडेस्वार पुढे आले, आणि वॉरहॅमरमधल्या पिस्तूलधारी स्वारांवर त्यांची छाप उघड दिसते. मला मात्र पिस्तूलवाले नको होते आणि नखशिखान्त पोलादात मढलेले सरदारही नको होते. सरहद्दीवर टेहळणी करणारे, हाती भाला, अंगात मळका डगला आणि बुडाखाली चपळ तट्टू असे हलके स्वार हवे होते. असे किट बाजारात नव्हते, पण त्या अंगलटीचे पायदळ माझ्याकडे भरपूर होते.

एका मूर्तीची दुसरी करण्याच्या या उद्योगाला छंदातले लोक ‘कन्व्हर्जन’ म्हणतात, आणि तो वॉरहॅमरपेक्षा जुना आहे. विल्यम ब्रिटनच्या कंपनीने १८९३ मध्ये पोकळ ओतकामाचे शिशाचे सैनिक काढले, आणि त्यांचा पहिला संच घोडेस्वारांचाच, म्हणजे लाइफ गार्ड्सचा होता. तेव्हापासूनच मुले आणि मुलांपेक्षा जास्त मोठी माणसे या सैनिकांची डोकी आणि हात बदलत आली आहेत. पुढे प्लास्टिक आले आणि कापणे सोपे झाले. १९६०च्या दशकात फ्रान्सच्या हिस्टोरेक्सने नेपोलियनच्या काळातल्या सैनिकांची ५४ मिलिमीटरची किटे काढली. त्यांत घोड्याच्या डाव्या आणि उजव्या अर्ध्या भागांचे वेगवेगळे नमुने असत, आणि हा डावा त्या उजव्याला जोडून निरनिराळ्या चालींचे घोडे करता येत. घोडा ही एक ठाम वस्तू नसून दोन बाजूंचा मेळ आहे, ही जाणीव ज्या कोणा कारागिराला प्रथम झाली त्याच्याविषयी मला फार आदर वाटतो. आमच्या २८ मिलिमीटरच्या जगात एवढी सोय नाही, पण धडा तोच आहे.

आता कमरेकडे येऊ. उभ्या मूर्तीचा कमरपट्टा ही कापायची नैसर्गिक जागा, कारण तिथला जोड पुढे पट्ट्याखाली किंवा शेल्याखाली लपतो. पट्ट्याच्या खालच्या काठाला बारीक दातांची करवत लावून धड वेगळे करायचे. नख कापल्यासारखे पक्कडीने कापू नये, कारण पक्कड प्लास्टिक चिरडते आणि नंतर दोन पृष्ठभाग सपाट भिडत नाहीत. धड सुटले की त्याला पायांशिवाय घोड्याच्या पाठीवर धरून पाहायचे. या क्षणी बहुतेक धडे जरा मागे रेललेली दिसतात, कारण उभा माणूस छाती काढून उभा असतो. दौडत्या घोड्यावरचा हलका स्वार पुढे झुकलेला हवा, तर चालत्या घोड्यावरचा ताठ. म्हणून कापलेल्या पृष्ठभागाला पाचरीसारखा उतार द्यावा लागतो. धड पुढे झुकवायचे असेल तर पोटाच्या बाजूने अधिक घासायचे. उतार अगदी थोडा पुरतो. अर्ध्या मिलिमीटरचा फरक या मापात प्रत्यक्ष माणसाच्या तीन सेंटिमीटरांएवढा होतो, आणि तीन सेंटिमीटरांनी माणसाचा आविर्भाव बदलतो हे आरशासमोर उभे राहून कोणालाही पडताळता येईल.

पायांचे काम याहून अवघड. जुन्या घोडदळाच्या किटांत खोगिराला चिकटलेले पाय मिळतात, ते वापरले तर अर्धे काम हलके होते. पण ते सरदारांचे, म्हणजे चिलखताचे असतात, आणि डगल्याच्या टेहळ्याला शोभत नाहीत. म्हणून मी शिपायाचेच पाय घेते. दोन्ही जांघेपाशी आणि गुडघ्यापाशी कापून चार तुकडे करते, आणि मांडी बाहेर वळवून, गुडघा किंचित पुढे काढून, पोटरी खाली सोडून ते पुन्हा जुळवते. टाच चवड्यापेक्षा खाली हवी. मांडीचा आतला भाग चाकूने सपाट करून घोड्याच्या बरगडीशी नेमका बसवायचा असतो, आणि इथे फट राहिली तर पुढच्या कोणत्याही कौशल्याने ती झाकता येत नाही, कारण पाहणाऱ्याची नजर नकळत तिथेच जाते. प्रत्येक सांध्यात बारीक हातड्रिलने भोक पाडून पितळेची तार घालावी लागते. प्लास्टिकला प्लास्टिक जोडणारा सिमेंट पृष्ठभाग विरघळवून दोन्ही तुकडे एकजीव करतो खरा, पण एवढ्याशा जागेत त्याला धरायला पुरेसे क्षेत्रच नसते. धातूच्या मूर्तींना तर सायनोअॅक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा गोंद, लागते, आणि ते ताणाला टिकले तरी आडव्या धक्क्याला चटकन सोडते. तिथे तारेला पर्यायच नाही.

दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायला मिळणारे मातीचे घोडेस्वार आठवून पाहावेत. त्यांत स्वार आणि घोडा एकाच साच्यातून निघतात, स्वाराचा पाय म्हणजे घोड्याच्या पोटावरचा एक उंचवटा असतो आणि बाकीचा पाय कुंभाराच्या कुंचल्यावर सोडलेला असतो. कलाकुसरीच्या दृष्टीने ती मूर्ती ओबडधोबड असेल, पण बैठकीचा प्रश्न तिने मुळातून सोडवलेला आहे: दोघांना वेगळे होऊच दिलेले नाही. आमच्या इंग्रजी किटांतला स्वार अतिशय रेखीव असतो आणि तरीही कित्येकदा खोगिरावर ठेवलेल्या बरणीसारखा वाटतो. कन्व्हर्जन करताना मला जे साधायचे असते ते त्या मातीच्या घोडेस्वाराकडे आधीपासूनच आहे, असे मला दर दिवाळीत वाटते.

सांधे जुळले की मधल्या पोकळ्या भरायला ‘ग्रीन स्टफ’ लागते. ही निळ्या आणि पिवळ्या पट्टीची इपॉक्सी पुटी. दोन्ही सम प्रमाणात मळली की हिरवी होते. निळा भाग वाढवला तर ती अधिक कडक होते आणि कडा धारदार निघतात, पिवळा वाढवला तर ती मऊ आणि चिकट राहते. पट्टीत निळे-पिवळे जिथे एकमेकांना टेकलेले असते तिथे आधीच घट्ट झालेली एक रेघ असते. ती कापून टाकली नाही तर गुळगुळीत मांडीवर ऐनवेळी खडे उगवतात. मळल्यावर तासभर, फार तर दीड तास ती हाताशी असते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून कमी. उरलेला गोळा फ्रीजरमध्ये ठेवला तर काही काळ थांबतो. हत्यार सतत ओले ठेवावे लागते. सुरुवातीला पुष्कळ जण नळाच्या गळतीसाठी घरात असलेले एम-सील वापरून पाहतात, आणि बेसवरचे, म्हणजे मूर्ती जिच्यावर उभी असते त्या तळपट्टीवरचे, दगड किंवा घोड्याच्या पोटातली पोकळी भरायला ते उत्तमही आहे. पण चुण्या घालायला लागणारी लवचीकता त्यात नाही. वेल्समध्ये तयार होणारी मिलिपुट ही पुटी या दोहोंच्या मध्ये येते. ती वाळल्यावर घासता येते, म्हणून खोगिरासाठी मी ती ठेवते.

चुण्यांचे व्याकरण असते. बसलेल्या माणसाच्या कपड्यावर चुण्या दोनच ठिकाणांहून निघतात: जांघेतून आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूने. मांडीच्या वरच्या भागावर कापड ताणलेले, म्हणून तिथे काही कोरू नये. डगल्याचा घेर पाठीमागून दुभंगून घोड्याच्या पुठ्ठ्यावर दोन्ही बाजूंना पडतो, आणि ही एक गोष्ट साधली की स्वार खरोखर बसतो. कापडाला गुरुत्वाकर्षण समजते. ते घोड्याच्या अंगावर जसे पडेल तसे पडल्याने पाहणाऱ्याला आपोआप कळते की हे दोघे एकाच क्षणात आहेत. मी सांधे पक्के झाल्यावर हा घेर दुसऱ्या दिवशी करते, कारण ओल्या पुटीवर ओली पुटी चढवली तर खालचे सगळे काम सरकते. लगामासाठी पूर्वी दारूच्या बाटलीच्या गळ्याला असलेला शिशाचा पत्रा कातरून वापरत. मी ग्रीन स्टफचीच पातळ पट्टी लाटून, अर्धवट वाळल्यावर कापून घेते. लगाम डाव्या हातात, शस्त्र उजव्यात. पायदळाच्या भालाईताने दोन्ही हातांनी भाला धरलेला असतो, म्हणून डावा हात दुसऱ्या किटातून आणावा लागतो, आणि तो ढाल धरणारा असला तर मूठ सोडवून फिरवावी लागते.

आता घोडा. या मापातले घोडे पूर्वीपासून थोडे अवजड आणि थोडे लाकडी असतात, आणि त्याला कारण आहे. पोलादी साच्याचे दोन भाग सरळ रेषेत उघडतात, म्हणून प्लास्टिकच्या भागावर आत वळलेले कोरीवकाम करता येत नाही. घोड्याच्या दोन्ही बाजूंना स्नायू छान निघतात, पण समोरून आणि मागून तो चपटा दिसतो. शिवाय कण्यावरून सांध्याची रेघ जाते. ती खरवडताना पुठ्ठा आणि पाठ जरा गोल केली, मान करवतीने कापून थोडी एका बाजूला वळवली, की जनावर जिवंत होते. पाचही घोडे समोर बघत असतील तर ती जत्रेतल्या पाळण्यावरची रांग होते. दोघांनी जरी मान वळवली तरी पथक होते.

पायांच्या बाबतीत मात्र मनाने घेऊ नये, कारण डोळ्यांना धावत्या घोड्याचे पाय दिसतच नाहीत. शतकानुशतके चित्रकार दौडणारा घोडा पुढचे दोन्ही पाय पुढे आणि मागचे दोन्ही मागे ताणून हवेत तरंगताना काढत आले. फ्रेंच चित्रकार जेरिकोच्या, एप्सम डर्बी या इंग्लंडमधल्या शर्यतीच्या १८२१ च्या चित्रात घोडे असेच उडताना दिसतात. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिजने ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी धावत्या घोडीची छायाचित्रे घेतली, तेव्हा कळले की चारही पाय जमिनीवरून सुटतात ते ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. मूर्तिकारांनी हे मान्य करायला बराच वेळ घेतला, आणि खेळण्यांच्या सैन्यातले कित्येक घोडे अजूनही जेरिकोच्या शर्यतीत धावतात. मी दुडक्या चालीचे घोडे पसंत करते. त्या चालीत कर्णातले पाय, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा, जोडीने पडतात. म्हणजे मूर्तीला दोन विरुद्ध कोपऱ्यांत आधार मिळतो आणि पाय मोडण्याची भीती कमी होते.

मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला घोडा सगळ्यांनाच हवा असतो, आणि तो सगळ्यात जास्त त्रास देतो. माद्रिदमध्ये चौथ्या फिलिपचा असा ब्राँझचा पुतळा पिएत्रो टाक्काने १६४० मध्ये पुरा केला. पुढचा भाग पोकळ आणि मागचा भरीव ठेवून त्याने तोल साधला, आणि त्यासाठी गॅलिलिओचा सल्ला घेतल्याचे सांगतात. धातूच्या मूर्तीला दोन बारीक नळ्यांवर तोलताना मलाही तेच करावे लागते: स्वार प्लास्टिकचा, घोडा धातूचा, मागच्या खुरांतून तार थेट बेसमध्ये, आणि शेपटीचे टोक जमीन शिवेल इतके लांब. टाक्काच्या घोड्याच्या शेपटीनेही थोडा भार उचललेला आहे, हे कळल्यावर मला जरा धीर आला.

घोड्याच्या मापाबद्दल एक मतभेद आहे. २८ मिलिमीटर हे माप तळव्यापासून डोळ्यांपर्यंत धरले तर मूर्ती माणसाच्या साधारण साठाव्या भागाएवढी होते. त्या हिशोबाने पंधरा हँड्स, म्हणजे सुमारे १५२ सेंटिमीटर उंचीचा घोडा खांद्यापाशी जेमतेम २५ मिलिमीटर भरावा. वॉरहॅमरमधल्या माणसांची डोकी आणि हात मात्र मुद्दाम मोठे केलेले असतात, त्यामुळे हिशोबातला घोडा त्यांच्याखाली लहान दिसतो आणि कंपनी त्याला भरदार करते. माझ्या टेहळ्यांसाठी मी उलट वागले आणि ऐतिहासिक मूर्तींच्या किटांतले लहान घोडे घेतले. मराठ्यांच्या हलक्या फौजा भीमथडीच्या तट्टांवर सरहद्दी तुडवत फिरल्या हे ज्यांना शाळेपासून ठाऊक आहे, त्यांना लहान घोडा आणि त्याच्या पोटाखाली लोंबणारे स्वाराचे पाय यांत काही कमीपणा वाटायचे कारण नाही. काटक जनावर आणि त्यावर जरा मोठा वाटणारा माणूस, हेच हलक्या घोडदळाचे खरे रूप आहे. युरोपातल्या खेळाडूंना ते चुकीचे वाटते. त्यांना घोडा म्हटले की शिरस्त्राण घातलेला पर्वत हवा असतो.

या सगळ्यावर खेळाचे एक बंधन असते आणि ते नुसत्या शिल्पकाराला नसते. वॉरहॅमरमध्ये घोडेस्वार चौकोनी बेसवर खांद्याला खांदा लावून रांगेत उभे राहतात. जुन्या नियमांत हा बेस २५ गुणिले ५० मिलिमीटर होता, आणि दौडत्या घोड्याचे नाक त्याबाहेर यायचेच; त्यामुळे पुढच्या घोड्याची शेपटी आणि मागच्याचे नाक यांच्यात कायमचे भांडण असे. २०१५ मध्ये कंपनीने तो खेळ बंद करून गोल बेसचा दुसरा खेळ आणला, आणि २०२४ च्या जानेवारीत ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने जुने जग परत आणताना घोडदळाचा बेस ३० गुणिले ६० केला. कागदावर हे क्षुल्लक वाटेल, पण दहा मिलिमीटर लांबी वाढल्याने मान वळवण्याचे स्वातंत्र्य मिळाले. तरीही भाले सगळे एकाच कोनात हवेत, नाही तर शेजाऱ्याच्या डोक्यात शिरतात. म्हणून कोणताही स्वार एकट्याने पुरा करू नये. दोन शेजारी आणि एक मागचा समोर ठेवूनच हाताचा कोन ठरवावा. मी बेसच्या तळाशी प्रत्येकाची जागा लिहून ठेवते.

हे काम जुन्या किटांवर जितके सहज होते तितके नव्यांवर होत नाही, हे इथे नोंदवावेसे वाटते. आताच्या मूर्ती संगणकावर घडवलेल्या असतात आणि जोड लपवण्यासाठी अशा विचित्र ठिकाणी तोडलेल्या असतात की धडाच्या तुकड्याला डावा पाय आणि अर्धा झगा चिकटलेला असतो. मूर्ती अप्रतिम दिसते, पण ती एकाच पवित्र्याची असते. तिला प्रश्न विचारता येत नाहीत. शिवाय घरगुती त्रिमितीय मुद्रणयंत्रावर आता हवा तो स्वार रेझिनमध्ये छापून घेता येतो. त्याला माझा विरोध नाही. मी स्वतः त्यावर भाल्यांची पाती छापून घेतली आहेत. पण जो स्वार आधी शिपाई होता त्याच्या खांद्यांत चालण्याची सवय राहून जाते, आणि टेहळ्यांच्या पथकात ती मला मोलाची वाटते, कारण सीमेवरच्या अशा फौजांत काल पायी लढणारा आणि आज कुठला तरी घोडा हाती लागलेला माणूस असणारच.

रंगकामाच्या आधी प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, येतो, आणि पुण्यात राहणाऱ्याला इथे पावसाळा आडवा येतो. जुलैमध्ये फवाऱ्याचा डबा वापरला तर हवेतल्या ओलाव्याने थर खरबरीत होतो, जणू घोड्याच्या अंगावर बुरशी आली आहे, आणि मॅट व्हार्निश फवारले तर झालेल्या कामावर पांढुरका धूसरपणा चढतो. म्हणून जून ते सप्टेंबर मी कुंचल्याने लावायचा प्रायमर वापरते आणि व्हार्निशची घाई करत नाही. स्वार आणि घोडा वेगवेगळे रंगवायचे, की जोडून, यावर लोक हिरिरीने वाद घालतात. वेगळे रंगवले तर खोगीर आणि मांडीची आतली बाजू नीट पोचते, पण नंतर जोडताना मूर्ती पुन्हा दोन होतात. बैठकीच्या कडेची सावली दोघांवर मिळून पडलेली नसते. मी स्वाराला कमरेपर्यंत वेगळे रंगवून, मग त्याला घोड्यावर बसवून, मांडी, खोगीर आणि घोड्याची बरगडी हा पट्टा एकाच बैठकीत पुरा करते. इतके कष्ट घेऊन जो जोड नाहीसा केला, तो रंगाने पुन्हा उघडा पाडू नये एवढाच त्यामागचा विचार आहे.

घोड्याच्या कातडीला मला अजून तैलरंगाइतके चांगले काही सापडलेले नाही. २०१९ पासून एकाच थरात छाया आणि उजेड देणारे पातळ रंग मिळू लागले आहेत आणि ते वेळ वाचवतात, पण घोड्याच्या मोठ्या गोलाईवर त्यांचे डाग पडतात. तैलरंगाची रीत ऐतिहासिक मूर्ती रंगवणाऱ्यांकडून आली आहे. आधी घोड्याला अॅक्रिलिकमध्ये फिकट गेरू किंवा नारिंगीकडे झुकणारा तपकिरी रंग द्यायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा, आणि त्यावर बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी तैलरंग सगळीकडे फासून जरा वेळाने स्पंजाने किंवा मऊ कागदाने पुसून काढायचा. उंचवट्यावरचा निघतो, खोबणीतला राहतो, आणि मधल्या भागात दोघांचे असे मिश्रण होते की ते कुंचल्याने करायला गेले तर संध्याकाळ जाईल. खालचा रंग बदलला की घोडा बदलतो. मग काही दिवस थांबायचे. तैलरंग वाळायची वाट पाहणे ज्यांना जमत नाही त्यांनी घोडदळ करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रंगांच्या बाबतीत आपल्या जुन्या अश्वपरीक्षेची मला इतकी मदत होईल असे वाटले नव्हते. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही घोड्यांची चर्चा येते, आणि सरदारांच्या पागांमधून आलेली कुमैत, सुरंग, अबलख, पंचकल्याणी ही नावे अजून आपल्या कानावर असतात. कुमैत म्हणजे तांबूस तपकिरी अंगाचा, पण आयाळ, शेपूट आणि पायांचा खालचा भाग काळा असलेला. सुरंगाला हा काळा भाग नसतो. नवशिका हमखास कुमैताची आयाळ अंगाच्याच रंगात रंगवतो आणि आपला घोडा खेळण्यासारखा का दिसतो हे त्याला कळत नाही. चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी शुभ मानलेला, म्हणून तो मी नायकाला दिला. पांढऱ्या पायाखालचा खूर बहुतेक फिकट असतो, काळ्या पायाखालचा गडद. पांढरा दिसणारा घोडा बहुधा जन्मतः काळपट असून वयाबरोबर उजळलेला असतो आणि त्याची कातडी काळीच राहते. म्हणून त्याची नाकपुडी आणि डोळ्यांच्या कडा करड्या ठेवाव्या लागतात, गुलाबी नाही. घोड्याच्या डोळ्यात पांढरे दिसते ते तो बिथरला तरच. शांत घोड्याचा डोळा जवळजवळ पूर्ण काळा असतो. माणसाच्या डोळ्याप्रमाणे त्यात पांढरा ठिपका देणाऱ्यांची पथके कायम घाबरलेली दिसतात.

स्वारांच्या पोशाखात मी फार रमत नाही. एका बाहीत पिवळ्याचा चिरा, टोपीत एक पीस, बाकी सगळे मातकट. एम्पायरचे पायदळ रंगीबेरंगी असल्याने त्यांच्यापुढे हे टेहळे फिके वाटतात, आणि तसेच वाटायला हवेत. माझे लक्ष धुळीवर असते. चाळून घेतलेली मुरमाची माती बेसवर लावली, की त्याच मातीच्या रंगाची धूळ घोड्याच्या पायांवर, पोटाच्या खालच्या भागावर, शेपटीच्या टोकावर, आणि मग तितकीच काळजी घेऊन स्वाराच्या बुटांवर आणि डगल्याच्या काठावर बसवायची. पायदळाला धूळ घोट्यापर्यंत चढते, स्वाराला ती मागच्या घोड्याच्या खुरांतून पाठीवरही बसते. म्हणून रांगेतल्या दुसऱ्या ओळीतले स्वार पहिल्या ओळीपेक्षा मळके करावेत. ही तपशिलाची हौस टेबलावर तीन फुटांवरून कोणाला दिसत नाही, हे मला मान्य आहे. प्रतिस्पर्धी खेळाडूला त्यांच्यापैकी कोण मेला एवढ्यातच रस असतो.

सध्या माझ्यासमोर याच प्रश्नाचे जास्त अवघड रूप आहे. वॉरहॅमरच्या बुटक्यांच्या सैन्यात परंपरेने घोडदळ नाही, आणि त्यांना डोंगरी बोकडांवर बसवून द्यावे असे एका मित्राने सुचवले आहे. बोकड सोपा आहे. घोड्याचे धड आखूड केले आणि पुटीची दाढी लावली की काम भागते. पण बुटक्याची मांडी इतकी आखूड आणि जाड असते की ती बरगडीला विळखा घालूच शकत नाही. पाय बाहेर फाकवले तर तो पिंपावर बसलेला वाटतो आणि पुढे घेतले तर खुर्चीत. पाठीमागे आणि पुढे उंच कठडा असलेले खोल खोगीर करून त्याला त्यात रोवावे, रिकिबी गुडघ्याएवढ्या वर घ्याव्यात आणि दाढी दोन भागांत विभागून कठड्यावरून खाली सोडावी, असे आता मला वाटते. खोगीर मिलिपुटचे करून पाहिले आहे. ते वाळले की त्यात बुटका मावतो की नाही ते कळेल.